मामाचं कार्ड आणि उजवीकडची पावलं

गेमिंगचं मशीन कसं असावं, या विषयावर आपल्या हॉस्टेलमध्ये जेवढी चर्चा होते तेवढी एम-थ्रीच्या पेपरवर झाली असती, तर निम्म्या जणांच्या केटी वाचल्या असत्या! ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, माऊस कुठला... रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं चालतात. पण साउंड कार्डाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सीपीयूच्या मागे हिरवं भोक आहे ना? त्यात हेडफोनची पिन खुपसा. संपला विषय.

म्हणून म्हटलं, आपण यावर लिहू या. संपादक मंडळाला "काहीतरी टेक्निकल, पण मराठीत" हवं होतं आणि त्यांनी नेमकी माझ्यासारखी कॉन्व्हेंटवाली पकडली. दहावीपर्यंत मराठीशी माझा संबंध मार्कांपुरताच आला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं आणि बाकीचं वाचकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती.

तर, माझ्या मामाची मिरजेत छोटीशी रेकॉर्डिंगची खोली आहे. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव. भजनी मंडळं, गाण्याच्या परीक्षा देणारी मुलं, शाळांची स्वागतगीतं हे मामाचं गिऱ्हाईक. गेल्या वर्षी त्यानं यूएसबीनं जोडायचा नवा इंटरफेस घेतला आणि जुनं अख्खं मशीन माझ्या गळ्यात मारलं. "घेऊन जा, सबमिशनला होईल." आता हॉस्टेलमध्ये आलेलं मशीन सबमिशनला किती होतं आणि काउंटर-स्ट्राइकला किती होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! आमच्या लॅनवर अजूनही १.६ चालतो. २००३ सालचा गेम, कसल्याही डब्यावर पळतो.

त्या मशीनमध्ये एक कार्ड होतं. एम-ऑडिओ कंपनीचं ऑडिओफाइल २४९६. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं. नावातले आकडे म्हणजे २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. सीडी असते १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले तर १६ बिटला ९६ आणि २४ बिटला (निदान कागदावर तरी) १४४ डेसिबल होतात. म्हणजे तंबोऱ्याची तार विझत विझत जाते तिथपर्यंत पकडायची ताकद. २००० नंतरच्या दशकात घरगुती स्टुडिओवाल्यांमध्ये हे कार्ड भलतंच लोकप्रिय होतं.

गेम खेळायला मात्र हे कार्ड म्हणजे लग्नाच्या वरातीला बोलावलेला शास्त्रीय गायक! पहिली गोष्ट, त्याला हेडफोनचं भोकच नाही. मागे टीव्हीला असतात तशी आरसीएची चार सॉकेट्स, दोन आत येणारी, दोन बाहेर जाणारी. माइक थेट लावायची सोय नाही, कारण माइकचा सिग्नल इतका बारीक असतो की आधी प्रीअँप लागतो आणि तो स्टुडिओत वेगळा असतो. शेवटी मामाच्याच जुन्या स्पीकरला पुढून हेडफोनचं सॉकेट होतं, ते कामी आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गेमची कार्डं आणि रेकॉर्डिंगची कार्डं यांची जातकुळीच वेगळी. एकेकाळी गेमची कार्डं आवाजात खूप काही 'घालायची'. क्रिएटिव्हचं ईएएक्स आणि ऑरियलचं ए-थ्री-डी ही त्यातली गाजलेली नावं. गुहेत शिरलात की घुमणारा आवाज, पाण्याखाली गेलात की गुदमरलेला. ऑरियल २००० साली बुडाली, तिचा माल क्रिएटिव्हनंच विकत घेतला. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टनं आवाजाची आतली रचनाच बदलली आणि डायरेक्ट-साउंडला कार्डाकडून थेट काम करून घ्यायचा रस्ता बंद झाला. तेव्हापासून हे सगळं काम बहुतेक प्रोसेसरच करतो. रेकॉर्डिंगचं कार्ड यातलं काहीच करत नाही. त्याचं काम एकच. जे आलं ते जसंच्या तसं, पदरचं काही न घालता पुढे पाठवायचं. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ नावाची खास वाट आहे, स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली काढलेली. पण गेम त्या वाटेनं सहसा येतच नाहीत, ते विंडोजच्या हमरस्त्यानं येतात. म्हणजे कार्डाचा मुख्य गुण गेमला दिसतसुद्धा नाही.

मग फायदा काय? पहिल्या दिवशी मला एकच फायदा कळला, तो म्हणजे शांतता. मदरबोर्डवरच्या आवाजात माऊस हलवला की बारीक 'झिर्रर्र' येत असे, पंख्याची गुणगुण वेगळी. या कार्डात मागे काही नाही. अगदी काही नाही. त्यामुळे लांबची पावलं त्या शांततेतून उठून येतात. मी खूश. बाकी मशीनवर मी लिनक्स टाकलं होतं, कारण या कार्डावरच्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, शोधत बसावं लागत नाही. शिवाय १.६ सुद्धा २०१३ पासून लिनक्सवर आहे.

इथपर्यंत लेख टेक्निकल होता. आता खरी गोष्ट.

माझ्या रूममेटला अख्खं हॉस्टेल 'टेबल फॅन' म्हणतं. (तिनं हा लेख वाचून परवानगी दिली आहे. अट एकच, खरं नाव नको.) गेममध्ये पावलं ऐकू आली की ती माऊस गरागरा डावीकडे-उजवीकडे फिरवते, टेबल फॅनसारखी. एम एकदम झक्कास, नकाशे तोंडपाठ, पण पावलांचा आवाज आला की हिचा पंखा सुरू. आणि तेवढ्या वेळात समोरचा गोळी घालून मोकळा. गॅदरिंगच्या मॅचेससाठी आमच्या हॉस्टेलची पाच जणींची टीम ठरत होती. सरावात ती सारखी पहिली मरायला लागली तशी कुजबुज सुरू झाली. एका रात्री तीच म्हणाली, "मला काढा. दुसरं कुणीतरी घ्या."

मेसहून परत आल्यावर मी विचारलं, "अगं, एवढं छान खेळतेस, मग पावलं ऐकू आली की असं का करतेस?" ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "कुठून येतात ते कळत नाही म्हणून. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही."

चौथीत असताना तिला गालगुंड झालं होतं. ताप उतरला, गाल उतरले, पण उजवा कान गेला तो गेलाच. घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. वर्गात ती कायम उजव्या टोकाला बसते. रस्त्यानं चालताना सगळ्यांच्या उजवीकडून चालते. म्हणजे माणसं तिच्या डाव्या बाजूला येतात. दीड वर्ष एका खोलीत राहतो आम्ही!

आणि तिचा तो पंखा म्हणजे वेडेपणा नव्हता, चक्क शास्त्र होतं. एका कानाच्या माणसाला बाहेरच्या जगात दिशा हवी असेल तर डोकं फिरवून बघावं लागतं, कुठे आवाज मोठा होतो ते. गेममध्ये डोकं म्हणजे माऊस. आवाज सगळ्यांत मोठा झाला की तो माणूस बरोबर डावीकडे आहे, मग तितकं वळायचं. पद्धत बरोबर, पण वेळ कोण देतो?

दुसऱ्या दिवशी तिला बसवलं आणि कार्डाचा मिक्सर उघडला. रेकॉर्डिंगच्या कार्डाचा हा मोठा गुण. त्याच्या चिपमध्येच एक डिजिटल मिक्सर असतो आणि प्रत्येक चॅनेलला आवाज दाखवणारा मीटर. मैत्रिणीला गेममध्ये माझ्या बरोबर उजवीकडे उभं केलं आणि गोळ्या झाडायला लावल्या. उजवा मीटर थयथय नाचतोय, डावा जवळजवळ झोपलेला! वळून ती डावीकडे येईल अशी उभी राहिले, तर नेमकं उलटं.

असं का होतं ते क्वेक गेमच्या कोडमध्ये स्पष्ट दिसतं. ते कोड १९९९ साली खुलं झालं, आणि आपल्या १.६ चं इंजिन त्याच घराण्यातलं. आवाजाची दिशा आणि तुमच्या उजव्या हाताची दिशा या दोन व्हेक्टर्सचा डॉट प्रॉडक्ट घ्यायचा. उजव्या कानाला १ अधिक डॉट, डाव्या कानाला १ वजा डॉट. वर अंतराप्रमाणे घट. बस! आवाज बरोबर उजवीकडे असेल तर डॉट १, म्हणजे डाव्या कानाला १ वजा १, शून्य. (समोर आणि मागे दोन्हीकडे डॉट शून्यच येतो, म्हणून दोन कानवाल्यांनाही त्यात पुढचं-मागचं कळत नाही. त्यावरचा उपाय एचआरटीएफ, जो काउंटर-स्ट्राइकच्या ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये २०१६ साली आला. पण तोही मुळात दोन कानांसाठीच.)

याचा अर्थ बघा. बाहेर कुणी उजवीकडून हाक मारली तर माझ्या रूममेटला ती ऐकू येते, फक्त कुठून आली ते कळत नाही. गेममध्ये ती हाक तिच्यापर्यंत पोचतच नाही. अर्धं जग बंद! आणि सगळे म्हणतात, लक्ष देत नाही.

पहिला उपाय सोपा होता. मिक्सरमध्ये उजवा चॅनेल डावीकडेही सोडला. दोन्ही मिळून समोरचा आवाज दुप्पट होतो म्हणून दोन्ही निम्म्यावर आणले, नाहीतर आवाज फाटतो. ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "बापरे, इतके आवाज असतात होय यात!" पण दिशा गेली. आधी अर्धं जग तरी डावीकडे होतं, आता सगळंच मध्ये. माऊस फिरवूनही फरक पडेना, कारण बेरीज सगळीकडे सारखीच.

म्हणजे उजवीकडच्या आवाजावर काहीतरी खूण हवी. मी आधी उजवीकडच्या आवाजाला बारीकसा प्रतिध्वनी लावून बघितला. एकटं पाऊल असेल तर छान कळायचं, पण गोळीबार सुरू झाला की नुसता कल्ला. मग सिग्नल्सच्या सरांना गाठलं. सरांनी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारला : "खऱ्या जगात उजवीकडचा आवाज डाव्या कानापर्यंत जाताना मध्ये काय येतं?"

डोकं!

लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली यावर पेपर लिहिला होता. दिशा ओळखायला आपल्याकडे दोन खुणा असतात. एक, दोन कानांत पोचायच्या वेळेतला फरक, जो फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. दुसरी, डोक्याची सावली. खालच्या सुरांची तरंगलांबी मोठी, त्या डोक्याला वळसा घालून जातात. वरच्या सुरांची छोटी, त्या अडतात. डोकं धरा १८ सेंटिमीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागाकार येतो सुमारे १९०० हर्ट्झ. त्याच्या आसपास आणि वर सावली चांगली पडायला लागते. म्हणजे देवानं प्रत्येकाला खांद्यावर एक लो-पास फिल्टर दिलेला आहे, आणि गेमवाल्यांनी तो काढून टाकलाय.

मग काय, तो परत बसवला. लिनक्समध्ये आवाजाची वायरिंग सॉफ्टवेअरमधूनच बदलता येते. जॅक नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. गेमचा डावा चॅनेल सरळ, उजवा १५०० हर्ट्झच्या लो-पासमधून, मग दोघांची बेरीज डाव्या कानात. थर्ड सेमच्या प्रॅक्टिकलला जो फिल्टर ब्रेडबोर्डवर लावून आपण व्हायवापुरता पाठ केला, तोच!

तिनं हेडफोन लावला. मी तिच्या उजवीकडून डावीकडे पळत गेले. ती काही बोलेचना. मला वाटलं, फसलं. मग हेडफोन न काढताच म्हणाली, "बाहेर मला असंच ऐकू येतं गं."

उजवीकडची पावलं गोधडीखालून आल्यासारखी, डावीकडची स्वच्छ. तिला हे शिकवावं लागलंच नाही. चौथीपासून ती हेच ऐकत होती.

इथे मामाचं कार्ड पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उपयोगी पडलं. फिल्टरमधून आवाज काढायचा म्हणजे तो आधी डब्यात भरावा लागतो. त्याला बफर म्हणतात. डबा मोठा तेवढा उशीर जास्त. मदरबोर्डच्या आवाजावर हेच करून बघितलं तर छोट्या डब्याला तडतड यायची, १०२४ सॅम्पलचे दोन डबे ठेवले तेव्हा थांबली. ४८ किलोहर्ट्झला त्याचे होतात जवळजवळ ४३ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ ची, म्हणजे अडीच फ्रेम उशीर. मामाच्या कार्डावर १२८ सॅम्पलचे दोन डबे आरामात चालले, ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पावणेदोन-दोन मीटर जातो. म्हणजे माझ्या पलंगापासून तिच्या पलंगापर्यंत. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला तर तो तालाला चुकतो, म्हणून स्टुडिओच्या कार्डात ही चपळाई ठेवलेली असते. गेमला ती सरळ मिळत नाही. मध्ये काम काढलं तेव्हा मिळाली.

आता प्रश्न आला, ही चीटिंग का? टीममध्येच दोन तट पडले. आम्ही सरळ आयोजकांकडे गेलो आणि सांगितलं. समोरच्या टीमच्या कॅप्टनला बोलावून हेडफोन दिला. त्यानं अर्धा मिनिट ऐकलं आणि काढून ठेवला. "हे ऐकून मी खेळलो तर भिंतीवर आदळेन." सर म्हणाले, "चष्मा लावून बॅटिंग करणाऱ्याला कुणी अंपायरकडे नेतं का?" विषय तिथे संपला. भिंतीपलीकडचं यातून काही जास्त ऐकू येत नव्हतं. जे तुम्हाला फुकट मिळतं तेच तिला मिळत होतं, तेही निम्मंच.

मॅचच्या दिवशी मामाचं मशीन मेसच्या ढकलगाडीवरून सेमिनार हॉलला नेलं. रेक्टर मॅडम बघत राहिल्या! सेमी-फायनल, डस्ट-टू, स्कोअर १३-१२. मिडला असलेली आमची मैत्रीण पडली, म्हणून टेबल फॅन बी साइटवर दरवाजाकडे तोंड करून उभी होती. बोगदा तिच्या उजवीकडे. मी मेलेली, त्यामुळे तिच्या मागे उभी राहून बघत होते. स्क्रीनवर काहीच नाही. आणि अचानक ती वळली. उजवीकडे. एकदाच, सरळ. पंखा नाही. बोगद्यातून बाहेर येणारे दोघं तिथेच आडवे.

मॅच आम्ही हरलो, १६-१३. फायनल बघायला मागच्या बाकावर बसलो आणि वडापाव खाल्ला. पण त्या एका वळण्याला हॉलमध्ये जी शिट्टी पडली ती ट्रॉफीपेक्षा कमी नव्हती, असं आम्हा पाच जणींचं मत आहे.

आता ज्यांना लेखातून 'काय घ्यायचं' हवं असतं त्यांच्यासाठी. फक्त गेमसाठी रेकॉर्डिंगचं कार्ड घेऊ नका. स्वच्छ आवाज मिळेल, दिशा मिळणार नाही, कारण दिशा गेमच्या कोडमध्ये ठरते, कार्डात नाही. तेच पैसे बऱ्या हेडफोनला घाला. घरात कुणी गाणारं-वाजवणारं असेल आणि कार्ड आधीच असेल, तर जरूर वापरा, फक्त बफर कमी ठेवा. आणि तुमच्या ओळखीत कुणाला एका कानानं कमी ऐकू येत असेल, तर कार्डबिर्ड काही लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये, तसंच मोबाईलमध्ये, ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. दिशा मिळणार नाही, पण बंद पडलेलं अर्धं जग तरी उघडेल. गाण्यातसुद्धा कितीतरी वाद्यं एकाच बाजूला ठेवलेली असतात. रूममेटनं आपली आवडती गाणी परत पहिल्यापासून ऐकली आणि एका गाण्यात सतार आहे हे तिला विसाव्या वर्षी कळलं.

मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, "कार्ड खोटं बोलत नाही, एवढंच त्याचं काम. त्याला काय विचारायचं ते तुमच्यावर."

टेबल फॅन हे नाव मात्र तिनं बदलू दिलं नाही. म्हणते, सवय झालीय. आता मेसला जाताना आम्ही सगळ्या तिच्या डाव्या बाजूनं चालतो, आणि गर्दीत कुणी चुकून उजवीकडे गेलीच, तर ती नुसतं म्हणते, "ए, गोधडीतून बाहेर ये!"